मदत हवी आहे: शाळेत पोलिसांनी मुलाची चौकशी केली, आम्हाला कळवलंही नाही

नमस्कार. माझा भाचा कांदिवलीत नववीत आहे. वर्गात एकाचा मोबाइल गेला, म्हणून शाळेने थेट पोलिसांना बोलावलं. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये वर्दीतल्या हवालदारांनी त्याला प्रश्न विचारले आणि कागदावर सही घेतली. ताईला हे संध्याकाळी त्याच्याकडूनच कळलं. पोरगा तेव्हापासून शाळेत जायला तयार नाही.

बाल न्याय कायदा, 2015 आणि 2016 चे आदर्श नियम मी वाचले. संशयित मुलाला ताब्यात घेतलं तर पालकांना कळवायचं, बेड्या घालायच्या नाहीत, कबुलीसाठी दबाव आणायचा नाही, जबाबावर सही मागायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पण इथे ताब्यात घेतलंच नव्हतं, ‘फक्त विचारपूस केली’ असं शाळा म्हणते. मग हे नियम लागू होतात का? माझ्या मते व्हायला हवेत, चौदा वर्षांच्या मुलाला दोन्हींत काय फरक कळणार?

पोलिस शाळेत येऊच नयेत, असं अजिबात नाही. ‘पोलिस दीदी’ मुलांना सुरक्षित-असुरक्षित स्पर्श समजावतात, ते फार मोलाचं काम आहे.

त्या कागदाची प्रत कशी मागायची? तक्रार आधी पोलिस ठाण्यातल्या बालकल्याण पोलिस अधिकाऱ्यांकडे करावी की थेट राज्य बालहक्क आयोगाकडे? कुणी वकील किंवा अनुभवी पालक असतील तर कृपया सांगा. सोमवारी शाळेत भेट ठरली आहे.