डेस्कटॉपसाठी विंडोज, मॅक की लिनक्स? नेमके अनुभव लिहा

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वैयक्तिक वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पुढे तेही नाहीत. तिकडे इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी टाहो, म्हणजे मॅकओएस २६, ही शेवटची आवृत्ती. म्हणजे धडधाकट चालणाऱ्या कितीतरी यंत्रांपुढे एकच प्रश्न: नवीन घ्यायचं, की आहे त्यावर दुसरं काही चढवायचं?

वेग, सुरक्षा आणि रोजचं काम या तिन्हींवरचा हा धागा आहे, उत्तरं खाली जोडत जा. 'सगळ्यात सुरक्षित कोणती' हा वाद इथे नको. तो वर्षानुवर्षं चालू आहे आणि अजून कोणी जिंकलेलं नाही. कुठलं सेटिंग, कुठे अडतं, का अडतं, एवढंच लिहा. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिली तरी समजेल.

टीपीएम 'नाही' आणि टीपीएम 'बंद' यांत फरक आहे

विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. 'तुमचं यंत्र चालणार नाही' असा निरोप आला की लोक थेट नवीन बघायला लागतात. आधी विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी उघडा. टीपीएम सापडत नाही असं आलं, तर बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम ही टीपीएमचीच नावं शोधा. डेस्कटॉपच्या बोर्डांवर तो बरेचदा असतो, पण बंद ठेवलेला असतो.

दुसरी अडचण डिस्कची. जुनं विंडोज एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर असेल तर सिक्युअर बूट चालू होत नाही. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, ते डेटा न पुसता डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीत बदलतं. आधी व्हॅलिडेट लावून चालवा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा एखादं एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते तिथेच नकार देतं. बदल झाल्यावर बायोसमध्ये लेगसी या जुन्या बूट पद्धतीऐवजी यूईएफआय ही नवी करायला विसरलात तर बूटच होणार नाही. इथे लोक डिस्क गेली समजून घाबरतात, डिस्कला काही झालेलं नसतं.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) खटपट करून जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ चढवता येतं. पण वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती अशा यंत्रावर आपोआप येत नाही, दरवेळी हाताने चढवावी लागते. शिवाय २४एच२ या आवृत्तीपासून पॉपकाउंट ही सूचना नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. त्यापेक्षा असल्या यंत्रावर लिनक्स बरं.

पण टीपीएमला हात लावण्याआधी ४८ आकडे लिहून ठेवा

वरचा सल्ला बरोबर आहे, फक्त क्रम महत्त्वाचा. डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्ट) असेल आणि बायोस अपडेट केलं किंवा टीपीएमची सेटिंग बदलली, तर पुढच्या बूटला निळा पडदा येतो आणि बिटलॉकरची (विंडोजच्या कूटबद्ध करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की मागतो. सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे. यंत्राचं मोजमाप बदललं म्हणून टीपीएमने किल्ली सोडली नाही, एवढंच घडलेलं असतं.

होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने हेच असतं, आणि २४एच२ नव्याने चढवताना मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला तर ते बरेचदा आपोआप चालू होतं. ते चालू आहे हे वापरणाऱ्याच्या गावीही नसतं. किल्ली त्या खात्यात साठलेली असते, तिथून कागदावर उतरवा. बायोस अपडेटच्या आधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा, बंद करण्याची गरज नाही. एएमडीच्या बोर्डांवर अपडेटनंतर एफटीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन, असं विचारतात. किल्ली हाताशी नसेल तर वाय दाबू नका.

मॅकवर हीच गोष्ट फाइलव्हॉल्ट. एम१ आणि पुढच्या मॅकवर डिस्क मुळातच कूटबद्ध असते. फाइलव्हॉल्ट चालू केल्यावर ती तुमच्या पासवर्डशी बांधली जाते, म्हणून काम क्षणात होतं आणि वेग कमी होत नाही. तिथली रिकव्हरी की २४ अक्षरांची.

लक्स: इथे किल्ली कोणीच सांभाळत नाही

लक्स म्हणजे लिनक्समधली डिस्क कूटबद्ध करायची पद्धत. लिनक्स चढवतानाच तिची खूण करा, नंतर करणं फार किचकट आहे. पासवर्ड विसरला तर डेटा गेला, कुठल्याही खात्यात प्रत नसते. म्हणून क्रिप्टसेटअपच्या लक्सॲडकी कमांडने दुसरा पासवर्ड जोडा, आणि लक्सहेडरबॅकअपने हेडरची (डिस्कवरच्या किल्ल्यांच्या नोंदीची) प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. हेडर बिघडलं तर बरोबर पासवर्डही उपयोगाचा नाही.

आणि हा पासवर्ड साध्या रोमन अक्षरांत ठेवा. बूटच्या त्या टप्प्यावर तुमचा मराठी कीबोर्ड अजून जागा झालेला नसतो.

वेग: आधी डिस्क, मग रॅम, प्रणाली तिसरी

फिरती हार्ड डिस्क विखुरलेल्या जागी सेकंदाला शंभराच्या आसपास वाचनं करते. साधी साटा एसएसडी तीच कामं हजारोंनी करते. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १० टक्के दिसत असेल, तर प्रणाली बदलून दुखणं फक्त हलकं होईल. अशा डिस्कवर लिनक्स चपळ वाटतं, कारण मागे चालणारी कामं कमी असतात. पण ब्राउझर उघडून दहा टॅब लावले की तिन्ही प्रणालींवर सारखंच.

रॅम मोजताना चुकीचा आकडा बघितला जातो. लिनक्सवर फ्री या कमांडमध्ये 'फ्री' हा रकाना सोडून 'अव्हेलेबल' बघा. रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरली जाते आणि गरज पडली की सुटते. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख बघा. हिरवा असेल तर स्वॅप (रॅमऐवजी वापरलेली डिस्क) किती यावर डोकं खाऊ नका. सतत पिवळा राहत असेल तर रॅम कमीच आहे, आणि एम मालिकेच्या मॅकमध्ये ती नंतर वाढवता येत नाही. घेतानाच ठरवायचं.

रॅम भरली की वागणं वेगळं असतं, हे कमी लोक लिहितात. विंडोज आणि मॅक कुथत कुथत चालू राहतात. लिनक्सवर माउसही हलेनासा होऊन मिनिटंच्या मिनिटं सगळं गोठू शकतं, कारण कर्नल (प्रणालीचा गाभा) एखादा प्रोग्राम मारायचा निर्णय फार उशिरा घेतो. यावर झेडरॅम हा चांगला उपाय: स्वॅप डिस्कवर न लिहिता रॅममध्येच दाबून ठेवायचा. फेडोरात ३३ व्या आवृत्तीपासून तो आपोआप असतो, उबुंटूवर झेडरॅम-टूल्स चढवावं लागतं. ४ जीबीच्या यंत्रावर फरक लगेच जाणवतो.

विंडोज खरंच मागे पडतं ते हजारो बारीक फाइलींच्या कामात: कोडचे फोल्डर, पॅकेजं उलगडणं. प्रत्येक फाइल उघडताना डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) आणि इतर फिल्टर मध्ये येतात. अख्खं फोल्डर डिफेंडरमधून वगळणं म्हणजे घराला मागचं दार ठेवणं. विंडोज ११ मध्ये डेव्ह ड्राइव्ह नावाचं वेगळं पार्टिशन करता येतं, किमान ५० जीबीचं. तिथे तपासणी होते, पण फाइल उघडण्याला अडवून धरत नाही.

विंडोजवर वेगळा अँटिव्हायरस?

नको. त्यापेक्षा दोन खाती करा. एक प्रशासकाचं, पासवर्डसह, आणि रोजचं काम साध्या खात्यातून. मग काही चढवायचं तर पासवर्ड मागितला जाईल, नुसतं 'यस' दाबून भागणार नाही. डिव्हाइस सिक्युरिटीत मेमरी इंटिग्रिटी चालू करा. ती चालू होत नसेल तर कुठला जुना ड्रायव्हर आडवा येतोय त्याचं नाव तिथेच दिसतं. बहुतेक वेळा तो कधीच फेकून दिलेल्या एखाद्या उपकरणाचा असतो.

रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) अडवायला 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' आहे, तो मुळात बंद असतो. चालू केला की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला लिहिता येत नाही. तोटा असा की एखादा साधा संपादकही 'सेव्ह' करताना फाइल सापडत नाही असली विचित्र तक्रार करतो. प्रोटेक्शन हिस्ट्रीत जाऊन त्या प्रोग्रामला परवानगी द्या, वैतागून अख्खं सेटिंग बंद करू नका.

अपडेट लांबवणाऱ्यांसाठी: वॉनाक्राय या रॅन्समवेअरचा हल्ला १२ मे २०१७ चा, आणि त्या भोकाचं ठिगळ मार्च २०१७ मध्येच आलेलं होतं.

मॅक

थोडक्यात लिहितो, कारण इथे फिरवायला खटके कमी आहेत. बिग सरपासून प्रणालीचा भाग सही केलेल्या, फक्त-वाचनीय खंडावर असतो. त्यात फेरफार करायचा तर रिकव्हरीत जाऊन संरक्षण उतरवावं लागतं. कोणतंही पान 'एसआयपी (प्रणालीच्या फाइलींचं संरक्षण) बंद करा' म्हणत असेल तर ते पान बंद करा.

सही नसलेला प्रोग्राम पूर्वी कंट्रोल-क्लिकने उघडता यायचा. सिकोयापासून ती पळवाट गेली. आता सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन खाली 'ओपन एनीवे' दाबावं लागतं. मोठ्या अपडेटनंतर एखाद-दोन दिवस यंत्र गरम आणि मंद राहिलं तर एमडीएस-स्टोअर्स ही प्रक्रिया बघा. स्पॉटलाइट नव्याने सूची बनवत असतो. यंत्र वीजजोडणीला लावून ठेवा, मध्येच मारू नका.

एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीची) डिस्क मॅकवर वाचता येते, लिहिता येत नाही. दोन्हीकडे फिरणारी डिस्क दोन्हींना चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीची करा आणि 'इजेक्ट' केल्याशिवाय उपसू नका. एक्सफॅटमध्ये जर्नल (बदलांची नोंदवही) नसतं, अर्धवट लिहिलेलं सावरायला काही नसतं.

'लिनक्सला व्हायरस लागत नाही' म्हणणाऱ्यांसाठी

टर्मिनलमध्ये एको डॉलर एक्सडीजी-सेशन-टाइप लिहून बघा. उत्तर एक्स११ (खिडक्या दाखवणारी जुनी पद्धत) आलं, तर तुमच्या सत्रातला कोणताही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत टाइप होणारं सगळं वाचू शकतो, पासवर्डसकट. ही चूक नाही, १९८० च्या दशकातली रचनाच तशी आहे. वेलँड या नव्या पद्धतीत खिडक्या एकमेकींपासून वेगळ्या असतात. लॉगिनच्या पडद्यावर दातेरी चाकावर टिचकी मारून वेलँडचं सत्र निवडा.

दुसरं म्हणजे कर्लने (इंटरनेटवरून फाइल आणणाऱ्या कमांडने) आणलेली स्क्रिप्ट थेट सुडो बॅशला पाजणं, म्हणजे न वाचता प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं. पॅकेजच्या भांडारातून येणाऱ्या गोष्टींवर सही असते, या स्क्रिप्टवर काहीच नसतं. भांडारात नसेल तर फ्लॅटपॅक (बाकी यंत्रापासून कोंडून चालणारं पॅकेज) घ्या, आणि फ्लॅटसील हा प्रोग्राम उघडून परवानग्या बघा. पूर्ण होम फोल्डरची परवानगी असलेला फ्लॅटपॅक नावालाच कोंडलेला असतो.

भांडारही अभेद्य नाही. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मागचं दार सापडलं. ते प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांच्या हाती लागलं ते एसएसएचचं (दुसऱ्या यंत्रावर दुरून जाण्याचं) लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय म्हणून. वेग आणि सुरक्षा एकाच धाग्यात घेतल्याबद्दल धागाकर्त्याचे आभार! डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलंच नव्हतं, टेस्टिंगमध्ये पोचलं होतं. रोजच्या यंत्रावर सगळ्यात ताजी आवृत्ती हवीच असा हट्ट धरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पुरवणी

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं आडवी झाली. हा आकडा मायक्रोसॉफ्टचा. ते संरक्षण कर्नलमध्ये बसलेलं होतं, म्हणून तिथली चूक म्हणजे निळा पडदा. मॅकवर असल्या साधनांना कॅटालिनापासून कर्नलबाहेर काढायला सुरुवात झाली होती. आणि सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची एवढाच उपाय असताना काम लांबलं त्याचं एक कारण वर आलंच आहे: बिटलॉकरचे ४८ आकडे.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच यंत्रावर ठेवणाऱ्यांनी

विंडोजचं 'शट डाउन' हे पूर्ण बंद नसतं. फास्ट स्टार्टअपमुळे कर्नल डिस्कवर झोपवला जातो आणि एनटीएफएस पार्टिशन अर्धं उघडं राहतं. मग लिनक्समधून ते फक्त वाचायला मिळतं किंवा जोडलंच जात नाही. प्रशासकाच्या टर्मिनलमधून पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ चालवा, हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात. जबरदस्तीने लिहायला जाऊ नका, फाइली खराब होतात.

घड्याळ पुढेमागे होतं ते विंडोज बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक वेळ) मानतं म्हणून. टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ केलं की भांडण मिटतं.

लिनक्सवर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर चढवताना सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायची का) येतं. तो पडदा काही सेकंदच थांबतो. चुकला की ड्रायव्हर चढूनही लागू होत नाही आणि पडदा जाड्याभरड्या अक्षरांत येतो. त्यासाठी सिक्युअर बूट बंद करू नका, किल्ली पुन्हा नोंदवा.

रोजचं काम: मराठी आणि कागदपत्रं

तिन्हीकडे इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी आहे आणि एकदा हात बसला की प्रणाली बदलल्याचा त्रास शून्य. 'दुसऱ्या' मधला अर्धा र असा: जे-च्या कळीवर र, शिफ्ट धरून तीच कळ म्हणजे ऱ, मग डी-वर हलन्त, मग य. र-हलन्त-य लिहिलंत तर 'दुसर्या' असा रफार चढतो. उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये 'मराठी फोनेटिक' आणि लिनक्समध्ये 'मराठी कगप' आहे. दोन्हींच्या कळा सारख्या नाहीत, त्यामुळे सवय मोडते.

लिबरऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडून पानं सरकली तर बहुतेक वेळा दोष फॉन्टचा असतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि केंब्रियाच्या जागी कॅलेडिया चढवा. दोन्हींत अक्षरांची रुंदी मुळाबरहुकूम आहे, ओळी जिथल्या तिथे येतात. ज्यांचे जुने मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत त्यांनी प्रणाली बदलण्याआधी ते युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत. फॉन्ट हरवला की उरते ती रोमन अक्षरांची खिचडी.

चढवण्याआधी पेनड्राइव्हवरून

आयएसओचं (प्रणालीच्या उतरवलेल्या फाइलीचं) एसएचए२५६ (पडताळणीचा आकडा) जुळवा, पेनड्राइव्ह बनवा, 'ट्राय' निवडा. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासा. आणि लॅपटॉप असेल तर झोपही (स्लीप). विंडोजमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश ए चालवलं की एस३ (पूर्ण झोप) आहे की नुसतं एस० (अर्धवट जागी झोप) ते कळतं. एस० असेल तर बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापतो, बॅटरी उतरते, आणि लिनक्सवरही फार वेगळं होत नाही. लिनक्समध्ये सिस-पॉवर-मेमस्लीप या फाइलीत चौकटी कंसात 'डीप' असेल तर चांगलं. नुसतं एस२आयडल (तीच अर्धवट झोप) असेल तर झाकण लावण्याऐवजी हायबरनेटची सवय लावा. त्यासाठी रॅमएवढा स्वॅप डिस्कवर लागतो, झेडरॅम तिथे चालत नाही. आणि बऱ्याच वितरणांत सिक्युअर बूट चालू असताना हायबरनेट बंदच असतं, तेही आधी बघा.