मदत हवी आहे: डिझायनर मंडळींनी एकमेकांचं काम खरोखर तपासावं, यासाठी काय करू?

नमस्कार मंडळी,

मी गेली सात वर्षं अ‍ॅप आणि वेबसाइटच्या स्क्रीन डिझाइन करते. दीड वर्षापूर्वी ओळखीच्या अकरा जणांना घेऊन एक चॅट ग्रुप काढला. आपलं काम क्लायंटपुढे जाण्याआधी चार जाणत्या माणसांच्या नजरेखालून जावं, एवढाच हेतू होता. आज ग्रुपात १४० च्या वर माणसं आहेत. रोज काही ना काही पडतं, पण ज्यासाठी ग्रुप काढला तेच होत नाही. आता चॅट सोडून यासाठी वेगळी, नीट जागा उभारायची ठरवली आहे. तुमच्यापैकी कोणी असं काही चालवलं असेल तर त्यांचा सल्ला आधी घ्यावा म्हणून हा धागा.

अडचण कळण्यासाठी एक प्रसंग सांगते. मार्चमध्ये एका नव्या मुलाने औषधांची आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपची स्क्रीन टाकली. वर गोळीचं नाव आणि वेळ, खाली दोन गोल बटणं. गोळी घेतली की हिरवं दाबायचं, चुकली की लाल. बटणांवर ना अक्षर, ना खूण. दोन्ही एकाच मापाची, एकमेकांना जवळजवळ चिकटलेली. रंग सुरेख निवडले होते, सावली हलकी होती, सगळं कसं नेटकं. तासाभरात २६ बदाम पडले. 'कडक', 'एक नंबर', 'भारी रे'.

रात्री साडेअकराला एकीने लिहिलं, "ज्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत त्याने काय करायचं? आणि थरथरता अंगठा चुकून शेजारच्या बटणावर पडला, तर ते मागे घ्यायची सोय कुठे आहे?" सकाळपर्यंत नोकरीच्या तीन जाहिराती, एक मोफत फॉन्ट आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा येऊन हा मेसेज कुठल्या कुठे वर गेला. मुलाने तो पाहिलाच नाही. स्क्रीन तशीच पुढे गेली. महिनाभराने मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "ताई, सगळ्यांना आवडली होती ना?"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तो मुलगा विचारायला आला होता आणि आम्ही त्याला बदाम देऊन परत पाठवलं.

याच्या अगदी उलटही घडलंय. एका मुलीच्या लोगोवर एका अनुभवी माणसाने सगळ्यांसमोर लिहिलं, "हे काय आहे? पहिल्यापासून कर." पाठोपाठ आणखी तिघांनी री ओढली. नेमकं काय बिघडलंय हे चौघांपैकी एकानेही सांगितलं नाही. तिने चित्र काढून टाकलं आणि ग्रुप सोडला. मी तिला वेगळं लिहिलं, तिने सभ्यपणे आभार मानले, पण ती परत आली नाही. तेव्हापासून जे थोडं खरं बोलत होते तेही गप्प झाले आहेत. तिला कोणीतरी तेव्हाच सावरायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं.

आधीच्या जागा कशा चालल्या तेही पाहिलं. ड्रिबल ही डिझायनरांनी आपलं काम दाखवायची साइट २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा हातात चालू असलेल्या कामाचा छोटा तुकडा दाखवायचा अशी कल्पना होती. चौकट ४०० बाय ३०० पिक्सेलची, आणि निमंत्रण मिळालं तरच काम टाकता यायचं. कल्पना मला आजही आवडते, पण एवढ्या चौकटीत रंग आणि सावल्या उठून दिसतात आणि बटण दाबल्यावर पुढे काय होतं ते दिसतच नाही. त्यामुळे दाद मिळते ती झळाळीला. बिहान्स या तशाच दुसऱ्या साइटवर (२००५ पासूनची, २०१२ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने घेतलेली) अख्खा प्रकल्प मांडता येतो, पण तिथे येतं ते बहुतेक पूर्ण झालेलं काम. ते क्लायंटच्या हाती गेल्यावर कोणी चूक दाखवली तरी दुरुस्ती कुठे करणार?

त्यामुळे माझ्या जागेत अर्धवट कामच यावं, आणि टाकताना हे कोणासाठी आहे, काय बदलता येणार नाही आणि मला नेमकं काय विचारायचंय, हे लिहिल्याशिवाय पोस्ट पुढे जाऊच नये, असं मनात आहे. 'कसं वाटतंय?' हा प्रश्न चालणार नाही. त्याला 'मस्त' याशिवाय दुसरं उत्तर कोण देणार?

आता जिथे अडले आहे ते.

सगळ्यात मोठा प्रश्न सक्तीचा. स्वतःचं काम टाकण्याआधी दोघांच्या कामावर लिहिलंच पाहिजे, असा नियम करावा का? ऑनलाइन समूहांत ९० टक्के लोक नुसतं वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळं १ टक्का लोकांकडून येतं, असा ढोबळ ठोकताळा वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता. माझ्या १४० जणांत कामावर दोन वाक्यं लिहिणारे मी मोजले. तेरा निघाले. सक्ती केली तर हा आकडा वाढेल, की लोक उरकायचं म्हणून काहीतरी खरडतील?

दुसरं, लाइकचं बटण ठेवूच नये असं मला वाटतं, पण नवख्यांना त्याचाच आधार असतो असं काही जण म्हणतात. तिसरं, निम्म्या लोकांनी क्लायंटशी गोपनीयतेचा करार केलेला असतो, त्यांनी काम दाखवायचं कसं? आणि सॉफ्टवेअर तयार घ्यावं की स्वतः बांधून घ्यावं? एक मित्र बांधून द्यायला तयार आहे.

अनुभव असेल तर सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

प्रतिसाद १

सक्तीबद्दल लिहितो, कारण मी डिझायनर नसलो तरी कथा लिहिणाऱ्यांच्या अशा जागांत बरीच वर्षं आहे आणि तिथे हा प्रश्न जुना आहे. क्रिटर्स नावाचा इंग्रजी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचा ऑनलाइन गट १९९५ पासून चालू आहे. तिथे साधारण चार आठवड्यांतून तीन वेळा दुसऱ्याच्या लिखाणावर अभिप्राय द्यावाच लागतो, तरच तुमची कथा रांगेतून पुढे सरकते. काही ठिकाणी अभिप्राय दिला की गुण जमतात आणि ते खर्चून आपली कथा टाकता येते. म्हणजे सक्ती चालते, आणि लोक तिच्यासह वर्षानुवर्षं टिकतात.

पण गुण शब्दसंख्येवर देऊ नका. मी स्वतः अशा जागी पाहिलंय, लोक कथेचा सारांशच परत लिहून काढतात आणि शेवटी 'छान आहे' जोडतात. त्यापेक्षा ज्याचं काम आहे त्याने 'याचा उपयोग झाला' असं म्हटलं तरच तो अभिप्राय मोजा. आणि १४० जणांना एकाच खोलीत बसवू नका. सहा-आठ जणांचे गट करा. आठ जणांत आपण गप्प बसलो तर ते दिसतं, म्हणून माणूस बोलतो.

प्रतिसाद २

गटांच्या मुद्द्याला +१.

लाइकबद्दल मात्र असहमत. माझं पहिलं काम मी हात थंडगार पडलेले असताना टाकलं होतं, आणि पाच जणांनी नुसता अंगठा दाखवला म्हणून दुसरं टाकलं. कौतुक काढून टाकू नका, त्याला कारण द्यायला लावा. 'काय नीट जमलंय आणि कशामुळे' हे एक वाक्य लिहिल्याशिवाय दाद देता येऊ नये. 'तारीख मोठी केल्यामुळे नजर आधी तिथे जाते' असं कोणी लिहिलं, तर पुढच्या वेळी काय राखायचं तेही कळतं.

प्रतिसाद ३

त्या लोगोवाल्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. मी शिकवते, त्यामुळे हे दर वर्षी समोर येतं. आमच्या वर्गात मी लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेची पद्धत वापरते. तिने ती १९९० मध्ये मांडली, नृत्यासाठी, पण कुठल्याही कामाला लागू पडते. टप्पे चार. आधी पाहणारे सांगतात की कामात त्यांना काय अर्थपूर्ण वाटलं, काय मनात राहिलं. मग काम करणारी प्रश्न विचारते. नंतर पाहणारे प्रश्न विचारतात, पण त्या प्रश्नात मत लपलेलं नको. आणि सगळ्यात शेवटी मत, तेही परवानगी घेऊन: "रंगांबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?" नको म्हणायची मुभा असते.

तिसरा टप्पा सगळ्यांना जड जातो. "बटणं इतकी जवळ का ठेवलीस?" हा प्रश्न नाही, ती चापट आहे. "दोन बटणांमधलं अंतर ठरवताना काय विचार केलास?" असं विचारलं की मुलं स्वतःच थांबतात आणि म्हणतात, अंतराचा विचारच केला नव्हता. तिथे काम झालेलं असतं.

चारही टप्पे लेखी माध्यमात ओढत बसू नका, लोक कंटाळतील. पहिला आणि तिसरा तेवढा नियमात ठेवा. नियम मोडणाऱ्या अनुभवी माणसाला मात्र त्याच दिवशी, खाजगीत, पण ठामपणे सांगा. ताई, तुम्ही मुलीला लिहिलंत ते बरंच केलंत. त्या माणसालाही लिहिलंत का?

प्रतिसाद ४

मित्राला सध्या थांबायला सांगा. स्वतःचं सॉफ्टवेअर बांधायला घेतलंत की सहा महिने लॉगिन आणि नोटिफिकेशनमध्ये जातील आणि माणसं पांगतील. डिस्कोर्स हे चर्चामंच चालवायचं तयार सॉफ्टवेअर २०१३ पासून आहे, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे, प्रत्येक कामाचा स्वतंत्र धागा राहतो, म्हणजे रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी हरवत नाही. नव्या सदस्याला आधी थोडे अधिकार आणि वावर वाढेल तसे जास्त, अशी ० ते ४ विश्वासपातळ्यांची सोय त्यात आहे. नेमक्या जागी बोट ठेवून बोलायचं असेल तर धाग्यात फिग्मा या स्क्रीन डिझाइन करायच्या ऑनलाइन साधनाची लिंक द्या, तिथे चित्रावरच टिप्पणी टाचता येते. पण निष्कर्ष धाग्यात लिहायचाच, नाहीतर बोलणं दोन ठिकाणी विखुरतं.

गोपनीयतेचं: नावं आणि आकडे बदलले म्हणजे झालं असं समजू नका. उत्पादन बाजारात आलेलं नसेल तर त्याची नुसती कल्पनाही कराराखाली येऊ शकते. क्लायंटची लेखी परवानगी नसेल तर मूळ स्क्रीन टाकूच नये. मी अडलेला प्रश्न तेवढा उचलून दुसऱ्याच काल्पनिक अ‍ॅपवर, राखाडी चौकटींत काढून विचारतो. रंगच नसल्यामुळे लोक थेट रचनेवर बोलतात, हा त्यातला मोठा फायदा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हेच वाचतेय.

प्रतिसाद ३, नाही, त्या माणसाला मी लिहिलं नव्हतं. तो वयाने आणि कामाने मोठा, म्हणून धजले नाही. काल फोन केला. तो आधी चिडला, मग म्हणाला की त्याला स्वतःला असंच शिकवलं गेलं. त्या मुलीची माफी मागणारं पत्र त्याने लिहिलंय. ती परत येईल न येईल, तो तिचा निर्णय.

ठरवलंय ते असं: मित्राला थांबवलं. डिस्कोर्सवर सोळा जण, आठ-आठचे दोन गट, सहा आठवडे. एक काम टाकायचं तर आधी दोन अभिप्राय, आणि ज्याचं काम त्याने उपयोगी म्हटले तेच मोजायचे. लाइक बंद, कारणासकट कौतुक चालू. प्रश्नाशिवाय पोस्ट नाही.

सुरुवात त्याच औषधांच्या स्क्रीनने होतेय. रात्री साडेअकराचा तो मेसेज मी शोधून त्या मुलाला पाठवला. त्याने बटणांवर शब्द घातले, 'घेतली' मोठं आणि वर केलं, 'चुकली' खाली वेगळं नेलं. आणि या वेळी प्रश्न लिहून पाठवलाय: "चुकून दाबलं गेलं तर दहा सेकंदांत मागे घेता येतं. वयस्कर माणसाला एवढा वेळ पुरेल का?" इथेही कोणाला उत्तर सुचत असेल तर सांगा, मी त्याला कळवेन.

प्रतिसाद ५

नाही पुरणार. माझ्या आईला चूक झाली हे कळायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, मग ती चष्मा शोधते. घड्याळ काढूनच टाका. दिवसभराच्या गोळ्यांची यादी ठेवा, आणि त्यात कुठल्याही गोळीची नोंद झोपेपर्यंत केव्हाही बदलता येऊ दे. त्याला हेही विचारा की नोंद बदलल्यावर पुढच्या गोळीची आठवण आपोआप पुढे-मागे होते का. तिथे गोंधळ झाला तर गोळी दोनदा घेतली जाईल.