मदत हवी आहे: घरच्या वापरातला माल 'आर्थिक' कसा?

अमेरिकन राज्यघटनेतल्या कॉमर्स क्लॉजवर (राज्याराज्यांमधल्या व्यापाराबद्दल कायदे करायचा अधिकार केंद्राला देणारं कलम) अडकलोय. १९४२ च्या फिलबर्न केसमध्ये ओहायोच्या शेतकऱ्याने केंद्राच्या कायद्याने ११.१ एकरांचीच परवानगी असताना २३ एकर गहू लावला, जादाचा घरी-गोठ्यात वापरू म्हणाला, तर कोर्टाचं म्हणणं की सगळेच असं करायला लागले तर बाजारातली मागणी घटते, भाव पडतो, म्हणून दंड योग्य. हे पटलं. पण १९९५ च्या लोपेझमध्ये शाळेजवळ बंदूक बाळगण्यावरची केंद्राची बंदी ५-४ ने रद्द, कारण ती आर्थिक कृती नाही, आणि २००५ च्या रेचमध्ये स्वतःपुरता लावलेला गांजा मात्र परत केंद्राच्या हातात! तिन्ही निकालांचे सारांश दोनदा वाचलेत. कायदा शिकलेलो नाही, त्यामुळे सोपं सांगा. न विकलेला गांजा कोर्टाने आर्थिक नेमका कशावरून ठरवला?