मदत हवी आहे: टेल लावून ठेवलं तरी मध्यरात्रीनंतर लॉग गप्प का होतो?

रात्रपाळी:
मंडळी, चार दिवस झाले, डोकं पिकलंय. डेबियन 11 वरची माझी एक सर्व्हिस रोज रात्री कधीतरी पडते आणि आपोआप पुन्हा उभी राहते. नेमकं काय होतं ते पकडायचं म्हणून संध्याकाळीच टीमक्समध्ये टेल, म्हणजे फाइलच्या नव्या ओळी दाखवत राहणारी कमांड, सिसलॉगवर (सिस्टमच्या नोंदींची फाइल) लावून ठेवतो, स्मॉल एफ देऊन:

सुडो टेल -एफ /व्हार/लॉग/सिसलॉग

सकाळी बघतो तर शेवटची ओळ 12 च्या जरा नंतरची. पुढे शुकशुकाट. एरर नाही, कमांड चालूच आहे. पण त्याच फाइलवर दुसऱ्या खिडकीत कॅट (अख्खी फाइल छापणारी कमांड) मारलं की 12 नंतरच्या शेकडो ओळी धो धो येतात! म्हणजे लॉग लिहिला जातोय, फक्त मला दाखवत नाहीये. डीएफ बघितलं, डिस्कवर जागा भरपूर आहे.

आणखी एक. टेलचं आउटपुट पाइपने ग्रेपला (हव्या त्या ओळी निवडणारा) आणि त्यापुढे कटला (ओळीतला हवा तो भाग काढणारा) जोडलं की ओळी तासतासभर अडकतात आणि मग एकदम घोळक्याने बाहेर पडतात. हे काय गौडबंगाल?

खटपट्या:
एसएसएच (सर्व्हरशी दुरून जोडणारं कनेक्शन) टाइमआउट होत असणार. कीपअलाइव्ह वाढवून बघा.

रात्रपाळी:
टीमक्स म्हटलंय की हो वर. सेशन तुटलं तरी आतली कमांड मरत नाही.

सिसॅडमिन_जुना:
तुमचा टेल इमानेइतबारे काम करतोय, फक्त जुन्या फाइलवर. मध्यरात्रीनंतर जुने लॉग बाजूला सारणारा लॉगरोटेट येतो, सिसलॉगचं नाव बदलून सिसलॉग.1 करतो, मग सिसलॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉगला इशारा जातो आणि तो सिसलॉग नावाची कोरी फाइल उघडून तिच्यात लिहू लागतो. स्मॉल एफ नावाच्या मागे जात नाही, एकदा उघडलेल्या फाइलला चिकटून बसतो. घरमालकाने दारावरची पाटी बदलली तरी हा जुन्याच खोलीत बसलेला! कॅट मात्र दर वेळी नाव वाचून नव्याने उघडतं, म्हणून त्याला सगळं दिसतं.

कॅपिटल एफ वापरा. तो नावाचा माग काढतो, आणि फाइल बदलली की तसं सांगून नव्या फाइलवर उडी मारतो. माझं ऐकाल तर स्मॉल एफ लॉगसाठी विसरूनच जा. (रोटेशनच्या सेटिंगमध्ये कॉपीट्रंकेट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फाइल तीच राहते, आतला मजकूर तेवढा पुसला जातो, त्यामुळे स्मॉल एफही चालतो.)

विश्वास बसत नसेल तर उद्या सकाळी टेल बंद करण्याआधी त्याचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घ्या आणि /प्रोक/पीआयडी/एफडी या डिरेक्टरीत सुडो लावून एलएस -एल करा, त्याने कोणती फाइल उघडी ठेवलीय ते दिसेल.

घोळक्याचं कारण बफर, म्हणजे ओळी तात्पुरत्या साठवायची जागा. ग्रेपचं आउटपुट थेट स्क्रीनवर जात असेल तर ओळीओळीने येतं, पाइपमध्ये जात असेल तर बफर भरेपर्यंत तो ओळी दाबून ठेवतो. ग्रेपला --लाइन-बफर्ड द्या.

टर्मिनलकुमारी:
मी तर टेलऐवजी लेस (फाइल वर-खाली करत वाचायची कमांड) +एफ लावते, एफ कॅपिटल. कंट्रोल-सी दाबलं की थांबतं, वर जाऊन शोधता येतं, शिफ्ट-एफ दाबलं की पुन्हा सुरू. पण रोटेशनचा घोळ इथेही होतो, म्हणून सोबत --फॉलो-नेम हवं.

आणि एक विचारू का? रात्र जागवायचीच कशाला? सिस्टमडीची (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमची) सर्व्हिस आहे ना? मग तिच्या नोंदी जर्नलमध्ये असतातच. सकाळी चहा घेत घेत

सुडो जर्नलसीटीएल -यू सर्व्हिसचं-नाव --सिन्स येस्टरडे

लाइव्हच बघायचं असेल तर यालाही स्मॉल -एफ आहे, आणि रोटेशनची कटकट नाही. डेबियन 12 पासून आरसिसलॉग मुळात बसवलेलंच येत नाही, तेव्हा सवय आत्ताच लावा. जुन्या, दाबून .जीझेड झालेल्या फाइली मात्र झेडग्रेपने शोधा, उगाच उघडत बसू नका.

रात्रपाळी:
सिसॅडमिन दादा, दंडवत! सकाळी एफडी बघितलं. तीन नंबरच्या डिस्क्रिप्टरसमोर (उघड्या फाइलचा नंबर) चक्क /व्हार/लॉग/सिसलॉग.1. मी रात्रभर उघडं ठेवलं होतं सिसलॉग, आणि हा बसलाय .1 ला धरून. ग्रेप-कटचंही जमलं.

आणि ताई, तुमच्या कमांडने दोन मिनिटांत चोर सापडला. 2 वाजून 13 मिनिटांनी मेन प्रोसेस किल्ड, स्टेटस 9, आणि खाली रिझल्ट ओओएम-किल, म्हणजे मेमरी संपली म्हणून मारलं. मग जर्नलसीटीएल -के ने कर्नलच्या ओळी काढल्या, तिथेही त्याच मिनिटाला आउट ऑफ मेमरी. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा) बॅकअप लावलाय 2 वाजून 10 मिनिटांचा. तो मेमरी खातो आणि मरते माझी सर्व्हिस.

सिसॅडमिन_जुना:
मेमरी संपली की कर्नल ज्याचा स्कोअर (मुख्यतः मेमरीच्या वापरावरून) जास्त त्याला मारतो, आणि तुमची सर्व्हिस बॅकअपपेक्षा जाडजूड असणार. आज बॅकअपला सिस्टमडी युनिटमध्ये टाकून मेमरीमॅक्स (मेमरीची कमाल मर्यादा) लावा, मग तो हद्द ओलांडली तर स्वतःच मरेल.

रात्रपाळी:
करतो. बॅकअप मेला तर त्याचा धागा वेगळा काढेन.