केन्जी सावादाची आवडती गाणी: पॅराशूटच्या आधीची की नंतरची?

मध्यलय
जपानी गाणी म्हटलं की आपल्याकडे अ‍ॅनिमेची शीर्षकगीतं निघतात आणि चर्चा तिथेच संपते. म्हणून हा धागा जपानी रॉक गायक केन्जी सावादासाठी. जन्म 1948, बालपण क्योतोत, 1967 मध्ये 'द टायगर्स' या बँडबरोबर पहिली रेकॉर्ड, 1971 पासून एकट्याच्या नावावर. ज्यूली अँड्र्यूज ही इंग्लिश गायिका-अभिनेत्री आवडायची म्हणून टोपणनाव पडलं 'ज्यूली', आणि पंचाहत्तरी उलटली तरी तेच चालू आहे.

माझं मत: ऐकावीत ती 1973 ते 1977 मधली. पुढे कपड्यांनी गाणं खाल्लं.

पहिला नंबर 'तोकी नो सुगियुकु मामा नी' (1975). टोकियोत 1968 मध्ये 30 कोटी येनची गाजलेली लूट झाली होती, चोर सापडलाच नाही. खटल्याची मुदत संपत आलेली असताना त्यावर टीव्ही मालिका निघाली आणि संशयिताचं काम ज्यूलीने केलं. त्यातलं हे गाणं. शब्द आकू यूचे, चाल ओनो कात्सुओची. अतिशय संथ. थकलेली दोन माणसं एकमेकांना धरून बुडतायत आणि हा कुठेही आवाज चढवत नाही! त्याची सगळ्यात जास्त खपलेली रेकॉर्ड हीच.

दुसरा 'इकुत्सुका नो बामेन', त्याच वर्षीचं, कावाशिमा एइगोने लिहिलेलं. शेवटाकडे ज्यूलीचा आवाज भरून येतो आणि रेकॉर्डवर तो तसाच ठेवलाय. आज असला टेक कुणी ठेवणार नाही.

तिसरा 'कात्ते नी शियागारे'. बाकी तुम्ही सांगा. 'टोकिओ' मात्र माझ्या यादीत येणार नाही.

गौरी_निशिकासाई
'टोकिओ'शिवाय ज्यूली? कमाल आहे. 1 जानेवारी 1980 ला आलेलं गाणं ते. अंगावर लुकलुकणारे दिवे, पाठीला भलंमोठं पॅराशूट, शब्द इतोइ शिगेसातोचे. नवं दशक उजाडलं त्या दिवशी हा माणूस शहरच अंगावर घालून आला. 'कपड्यांनी गाणं खाल्लं' म्हणे! ते कपडे आणि गाणं वेगळं काढून दाखवाच.

आणि तुमच्या लाडक्या 'कात्ते नी शियागारे'त काय वेगळं होतं? फिकट सूट आणि पनामा हॅट. टीव्हीवर गाताना तो ती हॅट मधेच भिरकावायचा. आमच्या ऑफिसच्या कराओकेत निवृत्तीला आलेले एक साहेब हे गाणं लागलं की उठतात, चष्मा नीट करतात आणि ठरल्या जागी कोट भिरकावतात. एकदा कोट थेट बिअरच्या जगवर पडला, पण साहेबांचा सूर हलला नाही. शब्द चुकतात, भिरकावणं चुकत नाही.

मध्यलय
@गौरी, हॅट आणि पॅराशूट एका मापाने मोजू नका. 'कात्ते नी शियागारे'तला पुरुष भिंतीकडे तोंड करून पडलाय. बाई सामान भरतेय, जातेय, हे तो पाठीने ऐकतोय आणि झोपेचं सोंग करतोय. ती गेल्यावर रेकॉर्ड लावून रात्रभर एकट्याचा धुमाकूळ घालणार म्हणतो. अशा माणसाने हॅट भिरकावणं म्हणजे 'मला काही झालेलं नाही' हे ओरडून सांगणं. ती हॅट गाण्यातून आलेली आहे. पॅराशूट शिंप्याकडून आलंय.

गौरी_निशिकासाई
शिंपी म्हणू नका हो, हायाकावा ताकेजी नाव आहे त्यांचं. ज्यूलीच्या दिसण्यात त्यांचा वाटा ओनोच्या चालींइतकाच आहे.

टीकोजीराव
दोघेही चुकीच्या माणसाला हार घालताय. 'तोकी नो…'चे शब्द आकू यूचे, 'कात्ते नी…'चे शब्द आकू यूचे. (शीर्षकही त्याने फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या सिनेमाच्या जपानी नावावरून उचललं, ते सोडा.) 31 डिसेंबर 1977 ला याच गाण्याला जपान रेकॉर्ड अवॉर्ड मिळालं. ज्यूली देखणा होता, गळा बरा होता, बस. रॉक गायक वगैरे कशाला? दुसऱ्यांनी शिवलेलं घालणारा आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं गाणारा टीव्ही स्टार.

मध्यलय
@टीकोजीराव, लता मंगेशकरांनी लिहिलं होतं का?

टीकोजीराव
त्यांना कुणी रॉक गायिकाही म्हटलं नाही.

सुमेध_का
हे चुकीचं आहे, टीकोजीराव. 'स्ट्रिपर' (1981) ची चाल ज्यूलीची स्वतःची आहे आणि त्यात टीव्ही स्टारचा गुळगुळीतपणा औषधालाही नाही. पण माझा मुद्दा दुसराच आहे. तुम्ही सगळे 1980 च्या आसपास घुटमळताय. माणूस त्यानंतर 40 वर्षं गातोय!

2008 मधलं 'वागा क्यूजो' ऐका. शब्द ज्यूलीचे, चाल पुन्हा ओनोची. जपानच्या राज्यघटनेत युद्धाचा त्याग करणारं 9वं कलम आहे, त्याच्या बाजूने लिहिलेलं गाणं, पण कलमाचं नाव न घेता, प्रार्थनेसारखं. किंवा 11 मार्च 2012 ला, जपानमधल्या 2011 च्या महाभूकंपाला बरोब्बर एक वर्ष झालं त्या दिवशी आलेलं 'सान्गात्सु योका नो कुमो'. पुढेही कित्येक वर्षं तो याच तारखेला नवी गाणी काढत राहिला. शब्द त्याचेच. पॅराशूट नाही, हॅट नाही. माझी आवडती हीच.

टीकोजीराव
आणि ती ऐकायला किती जण येतात? ऑक्टोबर 2018, सैतामा सुपर अरीना. 9 हजार लोक येतील असं त्याला सांगितलं होतं, आले 7 हजार. मोकळ्या खुर्च्या बघून साहेबांनी ऐन वेळी कार्यक्रम रद्द केला. 7 हजार माणसं तिकीट काढून दारात उभी! याला आपल्याकडे माज म्हणतात.

गौरी_निशिकासाई
आलेल्या माणसाला परत पाठवणं मलाही पटलं नव्हतं. लांबून आलेल्या वयस्कर बायका होत्या त्यात.

सुमेध_का
दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यांसमोर त्याने माफी मागितली, हे का गाळता? आणि तो दौरा कसला होता ते बघा. सत्तरीचा गायक आणि सोबत फक्त शिबायामा काझुहिको, एका गिटारवर. ड्रम नाही, बेस नाही. टीव्ही स्टार असला धोका पत्करत नाही. नंतर 25 जून 2023 ला, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, त्याच सैतामात तो उभा राहिला तेव्हा हॉल भरलेला होता, टायगर्सचे जुने गडीही आले होते.

मध्यलय
@सुमेध, 2012 चं गाणं ऐकतोय. हेतू मोठा आहे, कबूल. पण चाल लक्षात राहत नाही, आणि शब्द सगळं स्वतःच सांगून टाकतात. आकू यू ऐकणाऱ्यासाठी जागा सोडायचा. हेतूला मार्क देऊन आवडतं गाणं ठरत नाही माझं.

सुमेध_का
दुसऱ्यांदा ऐका, मग बोलू. गिटारकडे लक्ष ठेवा.

नवखी_श्रोती
मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

गौरी_निशिकासाई
@नवखी, यांच्या भांडणात पडू नका. 2008 च्या अखेरीस साठीनिमित्त त्याने ओसाका आणि टोकियोच्या डोममध्ये कार्यक्रम केले, एकेका दिवसात 80 गाणी. त्याची डीव्हीडी आहे. दुपारी लावा, रात्री जेवायला उठा. 'टोकिओ' आहे त्यात, मध्यलयांना सांगू नका.

मध्यलय
वाचलं मी. ते गाणं आलं की चहा ठेवायला जा.