मानेची नस जाळणं: डॉक्टर तितक्या पद्धती, म्हणून उपचारच खोटा?

कणकवलीकर:
काल इथे एकाने लिहिलं, "मानेची आरएफ हा निव्वळ धंदा. रत्नागिरीचा डॉक्टर एक सांगतो, कोल्हापूरचा दुसरं, मुंबईचा तिसरं. म्हणजे कुणालाच काही कळत नाही." खाली 'अगदी बरोबर'ची रांग. आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी: मानेच्या सांध्याचं दुखणं मेंदूला कळवणारी बारीक नस सुईच्या टोकाने तापवून जाळायची. चीड आली म्हणून सविस्तर लिहितोय.

1996 मध्ये ऑस्ट्रेलियात, गाडीच्या अपघातानंतर मान दुखणाऱ्या 24 जणांवर चाचणी झाली. बारा जणांची नस 80 अंशांवर तापवली. बाकी बारांना सुई घातली, पण तापवली नाही. दुखणं आधीच्या निम्म्याइतकं परत यायला पहिल्यांना साधारण 263 दिवस लागले, दुसऱ्यांना 8. हा धंदा?

पण त्यांनी आधी भुलीची इंजेक्शनं देऊन नेमका सांधा शोधला होता: ज्याच्या नसेला भूल दिल्यावर दुखणं थांबतं, तो दोषी. आपल्याकडे कुणी एक इंजेक्शन देतो, कुणी दोन, कुणी एमआरआयमध्ये झीज दिसली की थेट जाळतो. झीज न दुखणाऱ्या मानेतही दिसते! एका इंजेक्शनने बरं वाटलेल्या साधारण चौघांपैकी एकाचा सांधा दोषी नसतो. शिवाय साध्या सुईची उष्णता टोकापुढे फारशी जात नाही, बाजूने पसरते. ती नसेला समांतर ठेवायची असते. उभी टोचली की नस निसटते, आणि मग लोक म्हणतात, आरएफ फुकट.

बागवाला, देवगड:
पुस्तकी बोलू नका. माझे वडील हापूसच्या दिवसांत सकाळपासून घळ (आंबे काढायची जाळीची काठी) वर धरून, मान मागे टाकून आंबे काढायचे. त्यांना एकच इंजेक्शन दिलं. त्या दुपारी त्यांनी अख्खी मान वळवून मागे बघितलं. पुढच्या आठवड्यात नस जाळली, पुढचा हंगाम निभावला. नस परत वाढली तेव्हा परत केलं. तुमच्या दोन चाचण्या, म्हणजे दोनदा भुलीचं इंजेक्शन, म्हणजे मुंबईची आणखी एक खेप. लॉज, सोबतीचा माणूस, मोसमातले बुडालेले दिवस कोण भरणार? 2010 मध्ये अमेरिकेत कमरेच्या सांध्यांवर तुलना झाली, त्यात चाचणीशिवाय थेट आरएफच स्वस्त पडली.

कणकवलीकर:
त्याच तुलनेत दोन्ही चाचण्यांत बरं वाटून मग नस जाळलेल्यांत गुण येण्याचं प्रमाण जास्त होतं, ते गाळलंत. आणि ती कमर होती. मानेत शेजारून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी असते.

गुहागरची वाट:
खेपेचं निघालंच म्हणून सांगते. चाचणीच्या इंजेक्शननंतर भूल उतरेपर्यंत दुखणं किती कमी झालं ते तासातासाला कागदावर लिहायचं असतं. माझी बहीण ते तास माणगावच्या ट्रॅफिकमध्ये गचके खात होती. काय लिहिणार? 2011 पासून महामार्गाचं काम चाललंय! आधी रस्ता द्या, मग चाचण्यांच्या गप्पा मारा.

सावंतवाडी 66:
रस्त्याने जाताच कशाला? रेल्वे आहे.

गुहागरची वाट:
चिपळूणला गाडी पकडायला गुहागरहून रस्त्यानेच यायचं, रात्रीच्या गाडीत बसायला जागा नाही, आणि हे मान दुखणाऱ्या बाईला सांगताय?

सावंतवाडी 66:
मग गोव्याला जा. आम्ही तेच करतो. 2018 मध्ये तिथल्या सरकारी हॉस्पिटलांनी बाहेरच्यांना शुल्क लावलं तेव्हा आम्ही सिंधुदुर्गवाले ओरडत होतो, रत्नागिरीतला एक नेता हलला नाही.

बागवाला, देवगड:
जिल्ह्यांची भांडणं इथे नकोत.

आचऱ्याची सून:
ह्यां सगळां वाचून माका राग इलो. सासूबाईंना 'आरएफ' म्हणून पैसे घेतले. कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला तेव्हा कळलं, पल्स आरएफ केली होती, थांबून थांबून लहरी देणारी, 42 अंशांची. त्यात नस जळतच नाही. बिलावर दोन्हीला एकच नाव. दुसऱ्यांनी सर्वांत वरच्या सांध्याची नस नीट जाळली. दुखणं गेलं, पण कानामागे आठवडे बधिरपणा आणि आग. असं होतं आणि बहुतेक निवतं, हे आधी सांगितलं असतं तर त्या रात्ररात्र रडल्या नसत्या.

कणकवलीकर:
हे वाईटच झालं. आणि बागवाले, खेपांचं तुमचं म्हणणं नाइलाजाने मान्य. पण मग पहिलं इंजेक्शन तरी कडक पारखा: निम्मं दुखणं गेलं की 'हो' म्हणायचं, का 80 टक्के? डॉक्टरांत खरा वाद तिथेच आहे.

बागवाला, देवगड:
वडिलांचं निम्म्याहून बरंच जास्त गेलं होतं. 80 होतं का, कुणी विचारलंच नाही.