जुन्या बागेत नवा स्विमिंग पूल: कुठे घ्यावा, काय ठेवावं, काय काढावं?

पाऊलवाट:
घरामागची बाग 18 मीटर लांब, 11 मीटर रुंद. जुनी, घडी बसलेली. मधोमध हिरवळ, कडेने मेंदीचं कुंपण. मागच्या डाव्या बाजूला बकुळ आहे: खोडाचा घेर 110 सेंमी, डाव्या भिंतीपासून अडीच मीटर, मागच्या भिंतीपासून 4. हिरवळीच्या मध्यावर 8 बाय 4 मीटरचा पूल घ्यायचा विचार आहे. मुलं 3 आणि 7 वर्षांची. बकुळ राहायलाच हवी, खेळायला थोडी हिरवळही. घराच्या बाजूची वाट 1.1 मीटर. मध्यावर घेतला तर झाडाला कितपत धोका? आणि भोवती काय लावावं?

खोडमूळ:
मध्यावर नको. झाडाच्या मुळांसाठी खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ राखून ठेवायचं असतं. 110 घेर म्हणजे साधारण 35 सेंमी व्यास, म्हणून 4.2 मीटर. तुमच्या 8 बाय 4 चं मागचं टोक सरळ त्यात शिरतं. शिवाय खोदाई पूलपेक्षा चारही बाजूंनी अर्धा मीटर जास्त होते, हे नकाशावर कोणी दाखवत नाही. पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या 60 सेंमी मातीत असतात. ती तुटली तरी झाड लगेच वाळत नाही. शेंडे वाळायला लागतात ते दोन-तीन वर्षांनी, आणि तोवर खोदाई सगळे विसरलेले असतात.

त्यापेक्षा 7 बाय 3 घ्या, उजव्या भिंतीला समांतर. भिंतीपासून 2 मीटर, घरापासून 3. मग खोदाईचा जवळचा कोपरा बकुळीपासून 4.6 मीटरवर राहतो आणि डावीकडे 6 मीटर रुंदीचा सलग पट्टा मोकळा मिळतो. पूल मध्ये ठेवला की चारही बाजूंना निरुपयोगी चिंधोट्या उरतात. ना धड फरसबंदी, ना धड हिरवळ.

माती_पाणी:
जागा पटली, पण भिंतीपासून 2 मीटर पुरतील की नाही ते पायावर ठरेल. पायाच्या तळापासून 45 अंशात खाली रेघ ओढा. खोदाई त्या रेघेच्या आत यायला नको. 1.2 मीटर पाणी धरलं तर स्लॅब आणि खालचं काँक्रीट मिळून खड्डा 1.7 मीटरपर्यंत जातो.

माती आधीच मोजा. 7 बाय 3 चा पूल, भोवती अर्धा मीटर जास्त, म्हणून खोदाई 8 × 4 × 1.7 म्हणजे 54 घनमीटर. खणल्यावर ती फुगते, 65 ते 70 धरा. 6 घनमीटरच्या गाडीच्या 11-12 खेपा. 1.1 मीटरच्या वाटेतून मीटरभर रुंदीचा छोटा पोकलेन जेमतेम जातो, पण भिंतीवरचे पाइप, नळ आणि वळणाचा कोपरा टेप लावून बघा. वरची 15-20 सेंमी चांगली माती वेगळी काढून ठेवा, वाफ्यांना तीच लागणार. उरलेली एक पाटीसुद्धा बकुळीखाली टाकू देऊ नका. मुळांवर मातीचा थर चढला की हवा बंद होते. पहिल्या दिवशी यंत्र आत यायच्या आधी झाडाभोवती 4.2 मीटरवर पक्क्या फळ्यांचं कुंपण हवं. दोरी बांधून उपयोग नाही, दोरी सगळे ओलांडतात.

पाऊलवाट:
भिंतीचा पाया 60 सेंमी खोल आहे.

माती_पाणी:
मग खड्डा पायाच्या तळाहून 1.1 मीटर खोल, म्हणजे 45 अंशाची रेघ भिंतीपासून तेवढीच लांब येते, आणि खड्ड्याची कड दीड मीटरवर. चालेल. माती भुसभुशीत किंवा पाणथळ असेल तर मात्र त्या बाजूला आधार लावूनच खणा.

काठावरचा:
पूलची कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरची काठाची फरशी) आणि बाहेरची फरशी यांमध्ये 10-12 मिमीची फट हवी, तीही लवचिक सीलंटने भरलेली. मिस्त्री सवयीने सिमेंट भरतात. उन्हात फरशी प्रसरण पावते, कोपिंगला ढकलते आणि पाण्याच्या रेषेवरच्या टाइल्सना तडे जातात. दोष टाइल्सना दिला जातो. फरशीला पूलपासून बाहेरच्या बाजूला 1 ते 2 टक्के उतार द्या, शेवटी जाळीची नाली. गडद दगड टाळा, अनवाणी पाय भाजतात.

मुलं लहान आहेत, म्हणजे कुंपण निदान 1.2 मीटर उंच, गजांमधली फट 10 सेंमीपेक्षा कमी. गेट आपोआप बंद होणारं, पूलच्या उलट दिशेला उघडणारं, कडी 1.5 मीटरवर. आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटतं ते हे: कुंपणाच्या बाहेर 90 सेंमीच्या आत कुंडी, बाक, पंपाची पेटी असं पाय ठेवायला काही नको. तीन वर्षांच्या मुलाला कुंडी म्हणजे पायरीच. तुमच्याकडचे नियम याहून कडक असतील तर अर्थात ते पाळा.

झाडांचं म्हणाल तर बकुळीची फुलं रोज पडणार. स्किमर (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणारं तोंड) वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला बसवा, म्हणजे वाराच कचरा तिकडे लोटेल. त्याच्या बास्केटवर जाळीदार मोजा चढवा, नाहीतर चुरा पंपाच्या गाळणीत जातो. काठाला अरेका पाम, गवती चहा, कर्दळ चालेल. बोगनवेल (काटे आणि कागदी पाकळ्या) नको, कण्हेर विषारी म्हणून नको. बांबूचा मोह झालाच तर बेटानेच वाढणारी जात घ्या.

गाळणी:
पूलमध्ये साधारण 25,000 लिटर पाणी. सहा तासांत एक फेरा पूर्ण करायला तासाला सव्वाचार हजार लिटरचा पंप पुरे. तो पाण्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, झोपायच्या खोलीपासून लांब. वाळूचा फिल्टर उलटा धुताना दरवेळी दोन-तीनशे लिटर क्लोरीनचं पाणी निघतं. ते सांडपाण्याच्या लाइनला जोडा, वाफ्यात सोडू नका. तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (भूजलाचा दाब वाढला की ते पूलमध्ये येऊ देणारी झडप) घ्या, आणि भूजल वर असताना पूल कधीही पूर्ण रिकामा करू नका, खालचं पाणी अख्खं टाकं उचलू शकतं.

खोडमूळ:
ऑर्डर देण्याआधी फक्कीने 7 बाय 3 आखा आणि आठवडाभर तसंच ठेवा. सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 ला सावली कुठे येते ते बघा. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहा. चारही कोपरे दिसायला हवेत. एखादा मेंदीआड जात असेल तर तिथली मेंदी काढा.

पाऊलवाट:
मागचा उजवा कोपरा मेंदीआड जातोय. तेवढी चार मीटर मेंदी जाईल.